टर्बो चकचकीत, पंप तोच

जुन्या डिझेल गाडीवर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे टर्बोचे फोटो मागत बसू नका. इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या फ्युएल पंपाचं काय करणार, ते विचारा. ठाणे-नवी मुंबईत हे काम करून देणारे बरेच झालेत. ज्याने मला बुडवलं त्याने ठाण्यातला गाळा सोडून शीळफाट्याकडे बस्तान हलवलंय आणि आता सुमोवाल्यांना, जुन्या जीपवाल्यांना गाठतोय, असं कानावर आलं म्हणून हे सविस्तर लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पण त्याची कामाची पद्धत वाचून ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

गाडी टाटा सिएरा, बाबांनी 1994 साली घेतलेली, एमएच-04 पासिंग. 1948 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर आणि 83 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून नाव 483. टर्बो नाही. इंजिन दणकट, पण माणसं भरली, एसी लावला आणि गायमुखचा चढ समोर आला की मागचा टेम्पोवालाही हॉर्न मारायला लागतो. टाटांनी पुढे नव्वदीच्या उत्तरार्धात स्वतःच टर्बो सिएरा काढली होती, तेव्हा टर्बो बसवायचा विचार काही जगावेगळा नव्हता.

हा मेकॅनिक बोलायला एक नंबर. पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, 1978 मध्ये मर्सिडीजने 300 एसडीला टर्बो लावला. तेव्हा कुठे होता ईसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर? सगळं मेकॅनिकल. आपलंही मेकॅनिकलच आहे." हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. त्या इंजिनात मर्सिडीजने पिस्टनला खालून तेलाचा फवारा दिला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलं आणि पंपावर बूस्टप्रमाणे, म्हणजे टर्बोने चढवलेल्या हवेच्या दाबाप्रमाणे, डिझेल कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवली. टर्बो ही त्या यादीतली फक्त एक वस्तू.

ठरलं ते असं: नवा टर्बो, टर्बो इंजिनाचाच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग), ऑइलचे पाइप, डाऊनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारा), बूस्ट गेज, आणि टर्बो इंजिनाचा पंप बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, सेट करून. एकूण 85 हजार. 50 आगाऊ. त्यातले निम्मे यूपीआयने दिले, निम्मे रोख, कारण "पार्ट्सवाला कॅशशिवाय बोलतच नाही." दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर खोक्यातल्या कोऱ्या टर्बोचे फोटो आले, वेगवेगळ्या बाजूंनी, त्यावरची कंपनीची नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असे. पंपाचा एकही नाही. विचारलं तर, "पंप बेंचवर आहे साहेब, आल्यावर बघाल."

हा पंप एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथे लपते. पेट्रोल इंजिनासारखा डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. हवा कायम पूर्ण जाते आणि ताकद ठरते डिझेल किती सोडलं यावर. तुम्ही नुसता टर्बो बसवलात तर हवा वाढली, डिझेल तेवढंच राहिलं. पाहुण्यांसाठी खुर्च्या वाढवल्या आणि स्वयंपाक तेवढाच, असा प्रकार. ताकद हवी तर बूस्ट चढेल तसं डिझेल वाढलं पाहिजे आणि बूस्ट नसताना कमी राहिलं पाहिजे. टर्बोच्या रोटरी पंपावर त्यासाठी वर एक डबी असते. तिच्यात पडदा, पडद्याखाली स्प्रिंग आणि उतरत्या जाडीची पिन. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधून आलेल्या नळीने हवेचा दाब पडद्यावर पडतो, पिन खाली सरकते, डिझेल वाढतं. बिनटर्बोच्या पंपावर ही डबी नसते. एक फुल-लोड स्क्रू असतो, त्याला सील असतं. तो आत पिळला की डिझेल वाढतं, पण सगळीकडेच वाढतं, टर्बो फिरायच्या आधीही.

आणि डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. पेट्रोलला इंधन थोडं जास्त दिलं तर आतलं तापमान उतरतं. डिझेलचं उलट आहे. टर्बोच्या तोंडाशी धूर सुमारे 700 अंशांच्या खाली ठेवायचा असतो, त्याच्या वर बराच वेळ राहिला की हेड आणि पिस्टन सोसत नाहीत. ईसीयूच्या गाडीत निदान एखादा दिवा पेटतो. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत काहीच पेटत नाही. हे तो चांगलं जाणून होता.

गाडी मिळाली तेव्हा पळत होती, हे कबूल करायला हवं. माजिवड्याच्या पुलावर दाबली तर पाठ सीटला टेकली. बूस्ट गेजचा काटा चढत होता. बोनेट उघडलं तर चंदेरी टर्बो, चकचकीत क्लिपा, आणि इनटेक मॅनिफोल्डमधून निघून पंपाच्या झाकणापर्यंत गेलेली निळी सिलिकॉनची नळी. दिसायला सगळं जागच्या जागी. उरलेले 35 हजार त्याच वेळी दिले. धूर होता, सिग्नलवरून निघताना मागे काळा ढग. "नवीन आहे, बसेल," असं उत्तर. बिल मागितलं तर एका ॲक्सेसरीजच्या दुकानाचं बिल हातात ठेवलं: 'सर्व्हिसिंग व किरकोळ दुरुस्ती, 4,200 रुपये'. बाकीचं बिल पार्ट्सवाल्याकडून येतंय, म्हणाला. ते आजवर आलेलं नाही.

पहिला दणका पीयूसीवाल्या पोराने दिला. डिझेलची पीयूसी म्हणजे न्यूट्रलवर रेस देऊन धुराचा गडदपणा मोजणं. जुन्या गाड्यांना 65 हार्ट्रिजची मर्यादा आहे. आमची गाडी दर वर्षी आरामात आत बसायची. या वेळी आकडा बघून पोरगा म्हणाला, "काका, पंप वाढवलाय का कुणी?" त्याने आकड्यावरून ओळखलं. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो, "पीयूसी मी काढून देतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." पीयूसी कागदावर मिळवून देतो म्हणणाऱ्याने पंप तरी कशावर मिळवला असेल, हा प्रश्न मला तिथे पडला.

त्यानंतरचा प्रसंग मात्र जिवावरचा होता, तो थोडा तपशिलात सांगतो. घोडबंदर रोडवर, कापूरबावडीकडे येताना, मागून निळसर पांढरा धूर यायला लागला. काळा नाही, निळा. शेजारी धाकटा भाऊ होता. मी पाय काढला तरी इंजिनाचा आवाज चढतच गेला. क्लच दाबला तर आणखी चढला, काटा लाल पट्ट्यात. चावी फिरवली. काही नाही. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन गर्जत होतं. याला मेकॅनिक लोक 'इंजिन पळालं' म्हणतात. टर्बोच्या सीलमधून इंजिन ऑइल हवेच्या पाइपात गेलं की इंजिन तेच जाळून चालायला लागतं. चावीने डिझेल बंद होतं, पण त्याला आता डिझेल नकोच असतं. अशा वेळी गाडी सर्वात वरच्या गिअरला टाकायची, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. मी पाचव्यात टाकून तेच केलं. गाडी हादरून थांबली, आणि मागचे दुचाकीवाले शिव्या देत बाजूने गेले. बोनेट उघडून हाताने काही काढायला जाऊ नका. लाल पट्ट्यापलीकडे फिरणारं इंजिन फुटू शकतं.

गाडी टो करून तुर्भ्याला नेली, ट्रकांचे पंप बनवणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे. सगळे त्यांना काकाच म्हणतात. काकांनी आधी टर्बो बघितला. हवेचा पाइप काढून कॉम्प्रेसरचं चाक चिमटीत धरलं आणि पुढे-मागे ओढलं. ते हललं, आणि टक् असा आवाज आला. म्हणाले, "आडवं थोडं हलतं, ते चालतं, तेल आलं की शाफ्ट तरंगतो. पुढे-मागे हललं की संपला." मग बोल्टच्या खाचेत नख घातलं. चंदेरी रंगाखाली गंज. नंबरप्लेटच्या जागी फक्त रिबिटांची दोन भोकं. खोक्यातला टर्बो फोटोपुरता होता.

ऑइलचा परतीचा पाइप बघून तर ते हसलेच. टर्बोमधून तेल बाहेर येतं ते फक्त उतारावरून, त्यामागे जोर नसतो. म्हणून हा पाइप जाड लागतो, सलग उतरता लागतो आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर निघावा लागतो. आमच्याकडे बारीक नळी, मध्ये एक कुबड, आणि खालचं टोक पातळीच्या खाली वेल्ड केलेलं. तेल तुंबून सीलमधून बाहेर येणार नाही तर काय होणार?

मग पंप उतरवला. निळी नळी झाकणावरच्या एका नवीन पितळी निपलला घट्ट क्लिपने लावलेली होती. काकांनी झाकणाचे स्क्रू काढून ते उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. निपलचं भोक झाकणाच्या आरपार गेलेलंच नव्हतं. आत डबी नाही, पडदा नाही, पिन नाही. गाडीचा मूळ पंप, फुल-लोड स्क्रूचं सील तोडलेलं आणि स्क्रू आत पिळलेला. टर्बोचा पंप असा काही आलाच नव्हता.

तरी काकांनी बेंचवर लावून दाखवलं, कारण मी ते मागितलं. चार नोझल, त्यांच्याखाली मापाच्या चार काचेच्या नळ्या, ठरावीक स्ट्रोकला किती डिझेल पडतं ते वाचायचं. त्या निपलला हातपंपाने हवा देत राहिले. खऱ्या टर्बो पंपात हवा दिली की नळ्यांतली पातळी वर जाते. इथे तसूभर हलली नाही. त्याचा मी व्हिडिओ केला, आणि काकांनी बेंचचं रीडिंग सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. हा कागद पुढे सगळ्यात कामाला आला. हेड उतरवल्यावर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी चीर निघाली, ती वेगळी.

फोनवर त्याने आधी "असं होऊच शकत नाही" केलं. व्हिडिओ पाठवल्यावर सूर बदलला. "करा ना तक्रार साहेब. गाडीत फेरफार केलाय तुम्ही. आरसी जाईल तुमची, माझं काय?" या धंद्याचा खरा आधार हा आहे. आरटीओचे कागद मी करून देतो असं सांगून काम करायचं, आणि नंतर त्याच न केलेल्या कागदांची भीती घालायची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफाराला मनाई करतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलंय, आणि 182अ कलमाखाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे खरं आहे. पण त्यामुळे नवा टर्बो सांगून भंगार देणं आणि पंपाचे पैसे घेऊन पंपच न देणं माफ होत नाही. ठाण्यातल्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत हेच सांगितलं: आधी गाडी मूळ स्थितीत आणा, काढलेले सगळे भाग मोहोरबंद करून ठेवा, मग नोटीस.

तसंच केलं. टर्बो, मॅनिफोल्ड, निळी नळी आणि ते निपलवालं झाकण असं सगळं काकांच्या समोर खोक्यात बांधून पंचनाम्यासारखा कागद केला. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं, खोक्यातल्या टर्बोचे फोटो काढून घेतले. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. रोख दिलेल्या रकमेची पावती नव्हती, पण "बाकीचे रोख मिळाले साहेब, थँक्यू" असा त्याचाच मेसेज होता. चॅट डिलीट करायची सवय असेल तर ती मोडा.

समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत लेखी म्हणणं मांडावं लागतं, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. त्याने ती मुदत घालवली. नंतर वकील पाठवून ते 4,200 चं बिल पुढे केलं, की आम्ही फक्त सर्व्हिसिंग केलं. आयोगाने खोक्यातले भाग आणि बेंचचा कागद नोंदीवर घेतलाय, पुढची तारीख युक्तिवादाची आहे.

याच माणसाकडे तुम्ही गाडी दिली असेल, तर आधी ऑइलचा परतीचा पाइप बघून घ्या, तोवर गाडी हायवेला काढू नका. पंपाचं झाकण एखाद्या पंपवाल्याकडूनच, व्हिडिओ चालू ठेवून उघडा. आयोगात जायला साधारण दोन वर्षांची मुदत असते, आणि त्याने शीळफाट्याचा गाळाही भाड्यानेच घेतलाय.