सोसायटीच्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) एएमसीचा (वार्षिक देखभाल करार) वर्षभराचा अनुभव (बावधन, पुणे, ७२ फ्लॅट)

आमचा एसटीपी बी विंगच्या पार्किंगखाली आणि माझा फ्लॅट बरोब्बर त्याच्या डोक्यावर. त्यामुळे कमिटीत सांडपाण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं ते नाकामुळे. बँकेत नोकरी झालेली, म्हणून हिशेब कळतो. मैलापाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आधीच्या ठेकेदाराचं रजिस्टर बघत राहावं असं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या, आणि सगळे आकडे झकास. टाकीत पाणी काळंकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. वरून कीर्तन, आतून तमाशा. वीजबिल कमी दिसावं म्हणून त्यांचा माणूस रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद करून झोपायचा. घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात. हवा तोडली की ते मरतात आणि बिनहवेचे माजतात, वास त्यांचा. हे मला नव्या लोकांनी सांगितलं, जुन्यांनी फक्त अत्तर फवारलं.

नवा ठेकेदार म्हणजे दोन भागीदारांची छोटी फर्म. कोटेशन देण्याआधी त्यांच्यातल्या एकाने हजार मिलीचं नळकांडं काढलं, एअरेशन टाकीतलं (जिथे हवा सोडतात ती) पाणी भरलं आणि अर्धा तास कट्ट्यावर ठेवलं. तळाशी जेमतेम तीस मिली गाळ बसला. हा गाळ म्हणजेच ते घाण खाणारे जिवाणू. "ताई, कामगारच नाहीत तर कारखाना चालणार कसा?" अडीचशे-तीनशे मिली तरी हवा म्हणे. आमच्या एका सभासदांनी शेण-गुळाचा उपाय सुचवला होता, त्यांना त्याने हात जोडले आणि दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ टँकरने आणून सोडला. हवेचे बुडबुडे सोडणारे फाटलेले डिफ्युझर बदलले. तिसऱ्या आठवड्यात पाणी चॉकलेटी आणि वास ओल्या मातीचा. खरं वाटेना म्हणून मी दोनदा खाली जाऊन हुंगून आले.

फायदा पैशातही दिसला. माणशी १३५ लिटर धरले तर त्यातले ४५ फ्लशलाच जातात. आमच्याकडे साधारण २८८ माणसं, म्हणजे रोज तेरा हजार लिटर. ते आता प्रक्रिया केलेल्या पाण्यातून निघतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रोजचा एक टँकर वाचला. बागेला लागतं ते वेगळं. उरलेलं नाल्यातून रामनदीत, तिथून मुळेत. महापालिकेने जायका या जपानी मदतसंस्थेच्या कर्जातून असे अकरा प्लांट हाती घेतले, दिवसाला ३९.६ कोटी लिटरचे. आमचं त्यापुढे चूळभर, पण निदान काळं तरी नाही.

तक्रारी आहेतच. रविवारी माणूस येत नाही, सँड फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) राहतो आणि सोमवारी कमोडमध्ये पिवळसर पाणी. मग सकाळी सातपासून माझा फोन वाजतो. लॅब रिपोर्ट नेहमी उशिरा. बिल मात्र एक तारखेला, न चुकता.

थोडं आपल्याही लोकांबद्दल. जाळीत काय काय अडकतं ते लिहिताना लाज वाटते: पॅड, ओले वाइप्स, इअरबड, एकदा लहान मुलाचा मोजा. रोज ते हाताने काढणाऱ्या पोराला हातमोजे आणि गमबूट फर्मने दिलेत, हे मी मुद्दाम तपासलं.

पाचपैकी चार. करार वाढवला, पण रविवारच्या बॅकवॉशची अट माझ्या हाताने लिहून, खाली दोघांच्या सह्या घेऊनच.