पाटी नसलेलं गॅरेज आणि आमची ७५ची पद्मिनी

धायरी फाट्यावरून आत गेलं की फॅब्रिकेशनच्या शेडांची रांग लागते, त्यातलं एक गॅरेज. नाव नाही, कारण पाटीच नाही. आत मात्र खडूनं लिहिलेली एक आहे, पुण्यात शोभेल अशी: ‘झाली का, असे विचारू नये. झाली की फोन येईल.’ सात महिन्यांत मी ती निदान तीसदा वाचली. यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. गॅरेजवाल्या काकांनीच बजावलंय, “लिहा काय लिहायचं ते, पण माणसं पाठवू नका. तीन गाड्या उभ्यात, चौथीला जागा नाही.” तरी लिहितेय, कारण जुन्या गाडीचं पत्राकाम कुणाच्या हाती द्यावं हे मला दोनदा पैसे घालवल्यावर कळलं.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७५ची. म्हणजे मूळची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या कारखान्यात तिची आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. बाबांनी १९८६ साली सेकंडहँड घेतली. १०८९ सीसीचं इंजिन अजून पहिल्या सेल्फला उठतं, रडगाणं सगळं पत्र्याचं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात ‘फुल डेंटिंग-पेंटिंग’ करून घेतलं होतं. गाडी आली तेव्हा सोसायटीत लोक फोटो काढत होते. दुसऱ्या पावसाळ्यात दारांखाली रंगाला फोड आले, आणि एका फोडात आईच्या छत्रीचं टोक आरपार गेलं.

काकांनी पहिल्या दिवशी हातोडीला हातही लावला नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली. टपावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं. मडगार्डच्या खालच्या अंगाला आणि दाराखालच्या पेटीला, ज्याला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, तिथे लावलं की सरळ खाली पडायचं. पुट्टी, म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायचा लेप. नंतर खरवडली तेव्हा काही ठिकाणी बोटाच्या अर्ध्या पेराएवढा जाड थर निघाला, आणि आत आधाराला चक्क जाळी. “ताई, पुट्टी ही पावडर आहे,” काका म्हणाले. “तोंडाला लावा. हाडाला नाही.”

खरा घोटाळा त्याहून वाईट होता. रनिंग बोर्डच्या तळाला कारखान्यातूनच लहान भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. आधीच्यांनी ती नीटनेटकी बुजवून वरून रंग मारला होता. पाणी आत साठलं आणि पत्रा आतून खाल्ला गेला. बाहेरून किती का चकाकेना.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळे रनिंग बोर्ड कापला की गाडी मधूनच खचू शकते, आणि खचलेल्या अवस्थेत नवा पत्रा जोडला तर दारं पुन्हा कधी धड लागत नाहीत. काकांनी आधी दोन्ही बाजूंच्या दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी अँगल आडवे टॅक केले, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडले, खाली आधाराला चार घोड्या लावल्या, आणि मग ग्राइंडर चालवला. तोही एका बाजूला. ती बाजू पुरी होईपर्यंत दुसरीला हात नाही. रनिंग बोर्डाला १८ गेजचा पत्रा, मडगार्डला २० गेजचा (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ). आठ फूट बाय चार फुटांची २० गेज सीआरसी (कोल्ड रोल्ड पोलादाची) शीट २१ किलो भरते. भवानी पेठेतून मीच रिक्षात घालून आणली, आणि रिक्षावाल्यानं शीटचं वेगळं भाडं घेतलं.

डाव्या मडगार्डचा तुकडा करताना मी एक अख्खा शनिवार तिथे स्टुलावर बसून होते. काकांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीवर धरला, कडेकडेने पेन्सिल फिरवली, कात्रीनं कापला, परत धरला. असं चारदा. मग तो पत्र्यावर ठेवून कडेला अर्धा इंच जास्त सोडून कापलं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं मधून ठोकत गेले. सपाट तुकडा हळूहळू वाटीसारखा खोल व्हायला लागला. चाकाच्या बाजूची गोल कड एका जुन्या पाइपावर वळवली. दर पाच-सहा ठोक्यांनी गाडीवर धरून बघायचं आणि स्वतःशीच ‘हं’ म्हणायचं. तेवढ्या वेळात त्यांचा चहा दोनदा गार झाला.

उजव्या बाजूला तोच पुठ्ठा उलटा करून लावला, तर चार मिलीमीटरचा फरक. मला वाटलं चुकलं. काका हसले. “कारखान्यातूनच अशी आलीय. तुमचे दोन्ही कान सारखे आहेत का?” त्यांनी उजवीचा पुठ्ठा वेगळा कापला.

वेल्डिंगही सलग ओढत नाहीत. इथे एक ठिपका, तिथे वीतभर अंतरावर दुसरा, मध्ये ओलं फडकं. एकाच जागी तापला की पत्रा पोट काढतो, आणि ते पोट लपवायला परत पुट्टी लागते. पेटी बंद करण्याआधी आत झिंक प्रायमर, बंद झाल्यावर नळीनं मेणाचा फवारा. आणि तळाची भोकं पुन्हा पाडली, दर बाजूला चार.

आता बंपर. इथे चूक माझी. बाबांनी १९९४मध्ये पुढचा बंपर काढून जाड पाइपाचा गार्ड बसवला होता. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रानं क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा आम्ही तो उतरवला. मूळ बंपर माळ्यावर गंजून चाळणी झाला होता, त्यामुळे गाडी इतकी वर्षं पुढचे दात पडलेल्या म्हातारीसारखी फिरत होती. जुन्या बाजारात एका रविवारी साडेतीन हजारांत बंपर मिळाला. मी उत्साहात तो थेट क्रोमला दिला आणि चमचमता घेऊन गॅरेजात हजर झाले. लावून बघितला तर मधली भोकं बरोबर आणि टोकाची बोटभर बाहेर. “लग्न लागल्यावर पत्रिका बघता का?” एवढंच बोलले. बंपर आधी गाडीवर बसवून बघायचा, ठोकायचं-कापायचं ते तेव्हाच, आणि मग प्लेटिंगला. प्लेटिंग झाल्यावर भोक वाढवलं की त्या उघड्या कडेपासून गंज चढतो. मग काकांनी बंपरला हात न लावता ५ एमएम पट्टीचे ब्रॅकेटच नवे बनवले. क्रोमवाल्यानं पोचे न काढताच प्लेटिंग केलं होतं हेही त्यांनीच दाखवलं. क्रोमचा थर इतका पातळ असतो की तो काही झाकत नाही, उलट खालचा प्रत्येक पोचा उजळून दाखवतो. डाव्या टोकाला एक खळगा आहे, उन्हात दिसतो. राहू दे.

मला पुढे थोडा बारीक, जुन्या डिलाइटच्या धाटणीचा बंपर आणि त्याला जुळेल असा खालचा पत्रा हवा होता. काकांनी उडवून लावलं. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नंबर घेता येतो, पण बॉडीशेल, चासी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. मी तो नंबर घेणार नाहीये. त्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि आमची अजून मार्केट यार्डातून आंबे आणते. तरी पुढेमागे दार उघडं राहिलं हे बरंच.

खर्च: पत्राकामाची मजुरी ८५ हजार, पत्रा-गॅस-प्रायमर १२ हजार, दोन्ही बंपरांचं क्रोम १४ हजार. रंग वेगळीकडे.

तक्रारी आहेतच. दसऱ्याला देतो म्हणाले आणि गाडी पाडव्यानंतर मिळाली. एस्टिमेट तोंडी, मी वहीत लिहून सही मागितली तर चेहरा असा केला जणू जामीन मागितला. मागच्या सीटच्या कापडावर ठिणगीचं एक भोक पडलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही. व्हॉट्सॲपवर फोटो वगैरे विसरा. रंगाच्या आधी गाडी उघडी बघायला या, असं मात्र त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. आधीच्या गॅरेजात त्या टप्प्याला मला शेडच्या दारातूनच परत पाठवलं होतं.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात गाडी तासभर खाली उभी होती. आई गॅलरीतून ओरडली, “अगं, गाडी गळतेय!” छत्री घेऊन खाली गेले, वाकून बघितलं. रनिंग बोर्डाच्या आठही भोकांतून पाणी टपटपत होतं.