मासे न सोडता टाकी सायकल केली: काही महिन्यांनंतरचा अनुभव

साठ लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, हिटर, थेंबांचं टेस्ट किट आणि अमोनियम क्लोराइडची पूड, एवढ्या सामानावर मी मासे न सोडता सायकल पूर्ण केली, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवले. त्या टाकीत मासे येऊन आता बरेच महिने झालेत. वेळ खूप जातो, हे खरं. तरीही नवीन टाकीसाठी मी दुसरी पद्धत कुणाला सुचवणार नाही.

“आधी दोन-चार स्वस्तातले मासे सोडा, टाकी आपोआप बसते” हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. नव्या टाकीचं पाणी कितीही नितळ दिसलं, तरी माशांनी सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथे पुरेसे नसतात. त्या अमोनियाने कल्ले भाजतात. पुढे नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही आणि मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकतात. हे टाळता येतं, मग त्या जिवांना त्यातून कशाला न्यायचं?

क्लोरीन काढलेलं पाणी भरलं, तापमान 28 अंशांवर ठेवलं आणि ती पूड घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) नेला. तो 5 च्या वर जाऊ देऊ नका, जास्त अमोनियाने जिवाणूंचीच वाढ मंदावते. सुरुवातीला काहीच हलत नाही. रोज नळीत तोच हिरवा रंग. मग एक दिवस तो पिवळ्याकडे, म्हणजे शून्य अमोनियाकडे झुकतो.

कसोटी लागते ती त्यानंतर, नायट्राइटच्या टप्प्यात. 1 पीपीएम अमोनियातून साधारण 2.7 पीपीएम नायट्राइट तयार होतं, त्यामुळे आकडा भराभर चढतो. माझ्या किटमध्ये शून्याला आकाशी रंग येतो; त्या दिवसांत थेंब पडताक्षणी नळीच्या तळाशी गडद जांभळा रंग उतरायचा आणि आठवडे उलटले तरी तसाच राहायचा. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. नायट्राइट खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. पूर्वी हे काम नायट्रोबॅक्टरचं समजलं जायचं, पण 1990 च्या दशकातल्या संशोधनात मत्स्यटाक्यांच्या फिल्टरमध्ये मुख्यतः नायट्रोस्पायरा सापडले. या काळात मी अमोनियाचा डोस दिवसाआड केला आणि निम्मं पाणी बदललं. जिवाणू स्पंजला चिकटून असतात, पाण्यात फार थोडे. म्हणून पाणी बदलल्याने सायकल मोडत नाही.

पीएचकडे मात्र लक्ष हवंच. या प्रक्रियेत पाण्याची क्षारता, म्हणजे केएच, खर्च होते. पाणी मऊ असेल तर पीएच 6.5 च्या खाली घसरतो आणि सगळं थंडावतं. माझ्याकडे आकडे अडकले तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यावर गाडी पुन्हा हलली.

किटबद्दल: पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट कितीतरी भरवशाचं. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र जोरजोरात हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेलं रसायन थेंबात येत नाही आणि आकडा खोटाच कमी दिसतो.

दीड महिना उलटल्यावर कधीतरी 2 पीपीएमचा डोस 24 तासांत पूर्ण पचला; अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. साचलेलं नायट्रेट काढायला बरंचसं पाणी बदललं आणि मासे सोडले. तेव्हापासून हे दोन्ही आकडे एकदाही शून्यावरून हललेले नाहीत. कल्ले स्वच्छ, पंख उघडे, आणि दाणे पडले की सगळे एकदम झेपावतात. ते बघताना फार समाधान वाटतं.

देखभाल थोडकीच: स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते, नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात कधीच नाही. शिवाय टाकीत एक जादा स्पंज कायम चालू ठेवलाय. ओळखीत कुणी नवी टाकी लावली की तोच काढून देते. त्याने त्यांचे कित्येक आठवडे वाचतात.