सोंडे ओळखायला घेतलेला यूएसबी मायक्रोस्कोप : सहा महिने वापरल्यावर

घरात वाद झाला तो किड्यांवरून. कोंबड्यांसाठी आणलेलं मक्याचं पोतं माजघरात, त्याला लागूनच मुळशीच्या आंबेमोहोराची कोठी. दसऱ्यानंतर तांदळात टोके, म्हणजेच सोंडे किडे, दिसले आणि धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, हे तुमच्या मक्यातूनच आले." मी १२ वर्षं प्राणिशास्त्र शिकवते, पण तिला छातीठोक उत्तर देता येईना. नुसत्या डोळ्यांना दोन्हीकडचे सोंडे सारखेच: काळपट तपकिरी, पुढे सोंड, पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. म्हणून हा मायक्रोस्कोप ऑनलाइन मागवला. १,७५० रुपये, सोबत छोटा स्टँड.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. '१००० पट' असं ठळक छापलंय, ते खरं नाही. आलेखाचा कागद खाली ठेवून मोजलं: जास्तीत जास्त जवळ नेऊनही १ मिलिमीटरची चौकट लॅपटॉपच्या पडद्यावर १७ सेंटिमीटर भरते. म्हणजे १७० पट. विकणाऱ्याने तेवढंच छापलं असतं तरी मी घेतला असता, कारण सोंड्याला एवढंही लागत नाही. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव, त्याची अर्ध्याहून जास्त ओळख ६०-७० पटीवर पटते.

ही ओळख दडलेली असते अग्रवक्षाच्या पाठीवर, म्हणजे डोकं आणि पंखांची कवचं यांच्या मधल्या भागावर. तिथे बारीक खड्डे असतात आणि प्रत्येक खड्ड्यात एक आखूड पिवळसर केस. तांदळातल्या सोंड्यात, सिटोफिलस ओरायझीत, पाठीच्या मधोमध खड्डे नसलेली एक अरुंद गुळगुळीत पट्टी दिसते. मक्यातल्या सोंड्यात, सिटोफिलस झिअमेसमध्ये, खड्डे दाट आणि सारखे पसरलेले, मध्ये मोकळी पट्टी नाही. मानेपासून पंखांच्या मुळापर्यंत मध्यरेषेच्या कडेने खड्डे मोजायचे: २० पेक्षा कमी तर बहुधा पहिला, जास्त तर बहुधा दुसरा. मक्यातला सोंडा सहसा अंगाने मोठा, रंगाने गडद आणि त्याचे ठिपके जास्त ठसठशीत. पण आकारावर विसंबू नये, लहान दाण्यात वाढलेला किडा लहानच निघतो.

पहिले दोन दिवस मला हे खड्डे दिसलेच नाहीत. दोष उजेडाचा होता. भिंगाभोवती आठ एलईडींचं कडं आहे, ते पूर्ण लावलं की सोंड्याच्या चकचकीत पाठीवर आठ पांढरे ठिपके उमटतात आणि खरे ठिपके त्यांत हरवतात. तिसऱ्या दिवशी वायरीवरचं चाक फिरवून ते कडं बंद केलं, विजेरीच्या तोंडावर बटर पेपर लावला आणि उजेड एका बाजूने, अगदी आडवा टाकला. त्याबरोबर एकेका खड्ड्याची सावली पडली आणि मधली गुळगुळीत पट्टी भांगासारखी लख्ख दिसली. कितीतरी वेळ मी नुसती बघत बसले. हा मायक्रोस्कोप घेणाऱ्याने पटीच्या आकड्यापेक्षा या उजेडाची काळजी जास्त घ्यावी.

स्टँड मात्र कमजोर आहे. टेबलाला हात लागला तरी चित्र थरथरतं. मी तो लाकडी पाटावर स्क्रूने पक्का केला. किडे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते, सकाळी मऊ ब्रशने पीठ झटकते आणि पोटाकडून फेविकॉलच्या थेंबावर कार्डाच्या तुकड्याला चिकटवते. नर-मादीही यात छान कळतात: नराची सोंड आखूड, जाड, खरबरीत, मादीची लांब, बारीक, गुळगुळीत. याच सोंडेने मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वर लुकण लावून तोंड बुजवते. वरून दाणा शाबूत दिसतो तो त्यामुळे.

एका विद्यार्थिनीने चिंचोक्यातले सोंडे आणले होते, सिटोफिलस लिनिअरिस. तेही याखाली सुरेख दिसले. थंड प्रदेशातला सोंडा, सिटोफिलस ग्रॅनेरिअस, माझ्याकडे नाही, पण तो ओळखायला फार कष्ट पडू नयेत: पाठीवर ठिपके नाहीत, खड्डे लांबट आणि उडायचे पंखच नाहीत.

घरचे ४० किडे तपासले. तांदळातल्या २० पैकी १८ ओरायझी, १ झिअमेस. मक्यातल्या २० पैकी ११ झिअमेस, ८ ओरायझी. म्हणजे नावावर जाऊ नये, दोघेही दोन्ही धान्यं खातात. झिअमेस चांगला उडतो आणि शेतात उभ्या कणसातही शिरतो, त्यामुळे तो पोत्यासोबतच आला असावा असं मला वाटतं. फार वर्षं या दोघांना एकाच जातीचे लहान आणि मोठे प्रकार समजत. नावांचा तो गुंता कीटकशास्त्रज्ञ कुशेल यांनी १९६१ मध्ये सोडवला. हे सगळं शिकवताना सांगत आले होते, पण स्वतःच्या कोठीतले खड्डे मोजताना ते वेगळंच कळलं.

उरले दोन, दोन्ही धान्यांतला एकेक. दोघांचे खड्डे मोजून २० भरले. इथे हा मायक्रोस्कोप थांबतो. अशा वेळी किडा उघडून जननेंद्रिय पाहावं लागतं, आणि पडद्यावरच्या सपाट, किंचित मागे रेंगाळणाऱ्या चित्राकडे बघत सुई चालवता येत नाही, खोलीचा अंदाजच येत नाही. त्या कामाला दोन डोळ्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोपच हवा. शेतकऱ्याला, दुकानदाराला, शाळेला हा पुरे. खात्रीचा अहवाल द्यायचा असेल त्याने यावर पैसे घालू नयेत.

ते दोन्ही मी कॉलेजच्या स्टिरिओखाली उघडले. दोघेही नर. मक्यातल्याच्या जननेंद्रियाच्या नळीची वरची बाजू गुळगुळीत फुगीर होती, म्हणजे ओरायझी. तांदळाच्या कोठीतल्याच्या नळीवर दोन लांब समांतर खाचा निघाल्या, म्हणजे झिअमेस. संध्याकाळी जाऊला मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि उठून मक्याचं पोतं पडवीत नेऊन ठेवलं.