डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री: नागपूरच्या उन्हाळ्यात वीज कोण कमी खातो?

तीन-चार माणसांच्या घराला डायरेक्ट कूल, म्हणजे बर्फ आपल्याला वितळवावा लागतो तो फ्रिजच घ्या. त्यात पंखा नाही, बर्फ वितळवणारा हीटर नाही. त्याच मापाच्या फ्रॉस्ट फ्रीपेक्षा, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजपेक्षा, युनिट सहसा कमी पडतात. अट एकच: फ्रीजरमधला बर्फाचा थर 5 मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. थर वाढला की थंडावा अडतो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर, घरात कूलर सुरू. त्याची दमट हवा दार उघडलं की आत शिरते आणि बर्फ भराभर चढतो. थर दिसला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीने मात्र खरवडू नका हो, आतली नळी फुटली की गॅस गेलाच!

फ्रॉस्ट फ्रीत ही कटकट नाही, फक्त हवेच्या जाळीसमोर डबे कोंबू नका.