वार्निश वापरून आठ महिने झाले: वेगाला तक्रार नाही, उठण्याला आहे

फोंड्यात आमचं छोटं ऑफिस. जत्रा, कालोत्सव, नाटकं यांच्या तारखा देणारी साईट तिथल्याच दोन जुन्या मशीनवर चालते. एरवी शुकशुकाट, पण शिरगावच्या लईराईच्या जत्रेच्या वेळी सगळे एकदम येतात आणि पानं पुरवणाऱ्या अपाचे या वेब सर्व्हरला धाप लागते. म्हणून पुढच्या मशीनवर वार्निश बसवला: तयार पानं मेमरीत ठेवून परस्पर देणारा कॅश सर्व्हर. वेगाबद्दल काही बोलायलाच नको: पान एकदा मेमरीत आलं की मागच्या अपाचेला पत्ताही लागत नाही. रडगाणं आहे ते तो सुरू होण्याचं.

पहिल्या दिवशी वेबचा नेहमीचा पोर्ट ८० हवा होता. 'डिफॉल्ट' फोल्डरमधली जुनी फाइल बदलली, रिस्टार्ट केला, तरी बाबा आपला मूळच्या ६०८१ वरच. आताच्या डेबियन लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा सिस्टमडी ती फाइल वाचतच नाही. मग 'सिस्टमसीटीएल एडिट वार्निश' करून नवी 'एक्झेकस्टार्ट' ओळ (कोणत्या कमांडने सुरू व्हायचं ती) लिहिली, तर सर्व्हिस उठेचना. आधी 'एक्झेकस्टार्ट=' अशी रिकामी ओळ देऊन जुनी पुसावी लागते, मग नवी. दोन दिसल्या की सिस्टमडी सरळ नकार देतो. त्या रिकाम्या ओळीपायी अख्खी दुपार गेली.

खरी गंमत मे महिन्यात. संध्याकाळी गडगडाट झाला, वीज गेली, आली, आणि धाकट्याचा फोन: "दादा, साईट उघडत नाही रे." मी जाऊन हाताने सुरू केला तर लगेच चालू! असं तीनदा झालं. चौथ्यांदा मात्र आधी जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टमचा लॉग, उघडलं. बॅकएंडच्या, म्हणजे मागच्या सर्व्हरच्या, नावाचा आयपी पत्ता सापडला नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. व्हीसीएलमध्ये (वार्निशची कॉन्फिगरेशन फाइल) मी अपाचेच्या मशीनचं नाव दिलं होतं. वार्निश ते नाव व्हीसीएल कंपाइल करतानाच शोधतो आणि नाही मिळालं तर उठतच नाही. नावाचा पत्ता सांगणारा आमचा राउटर वीज आल्यावर सर्व्हरच्या मागून जागा होतो; मी पोचेपर्यंत तो तयार असायचा, म्हणून माझ्या हाताला यश! नावाच्या जागी थेट आयपी लिहिला, प्रकरण मिटलं.

एक दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. स्टेटस बघावं तर 'रनिंग', पण कॅश रिकामी. वार्निशमध्ये एक मॅनेजर प्रोसेस असते आणि खरं काम करणारी चाइल्ड वेगळी. चाइल्ड मेली की मॅनेजर गुपचूप दुसरी उभी करतो, पण मेमरीतलं सगळं गेलेलं असतं. वार्निशस्टॅट या आकडेवारीच्या कमांडमध्ये 'एमजीटी' (मॅनेजर) आणि 'मेन' (चाइल्ड) या दोघांचा अपटाइम शेजारी शेजारी बघा. दुसरा कमी असेल तर चाइल्ड मरून पुन्हा उठली आहे. माझ्याकडे एकाचे कित्येक दिवस झाले होते, दुसऱ्याची चाळीस मिनिटं. २ जीबीच्या मशीनवर मॅलॉकला (मेमरीतल्या कॅश साठ्याला) दीड जीबी देऊन ठेवण्याचा शहाणपणा माझाच. ती मर्यादा फक्त साठ्याची, त्यावरचा खर्च आणि 'ट्रान्झिएंट' (अल्पकाळाचा साठा) वेगळे, म्हणून मेमरी अपुरी पडायची. आता ७०० एमबीवर आणलाय. राउटरही यूपीएसवर घेतला.