घोडा सीझनभर रँचवर पाठवताय? आधी आमच्या गुळ्याचं ऐका

कोलोरॅडोत घोडा पाळणारी मराठी घरं माझ्या ओळखीत तीनच. त्यातल्या एकीनं परवा फोनवर विचारलं, "आमची घोडी सीझनभर रँचवर शिकायला पाठवू का गं?" रँच म्हणजे इथली गुरं पाळायची मोठी शेतं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आमचा गुळ्या क्वार्टर हॉर्स जातीचा, आठ वर्षांचा घोडा, रंग गुळाच्या ढेपेसारखा. रिंगणात गोल गोल फिरून पार कंटाळला होता. इथली जाणती माणसं म्हणतात, असा घोडा एक सीझन गुरांत घालावा. वसंतात वासरांना डाग देताना, जूनमध्ये गाई डोंगरावरच्या कुरणांत नेताना, थंडीच्या तोंडावर त्या गोळा करून खाली आणताना रोज घाम गाळला की घोडा शहाणा होतो. हे खरंच आहे, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला.

ज्याच्याकडे गुळ्याला पाठवला तो रँचवाला डोंगरापलीकडचा. बोलणं गोड, स्वतःचे घोडे उत्तम तयार केलेले. महिन्याला ९५० डॉलर ठरले. इथं ७५ मैलांपेक्षा लांब घोडा न्यायचा तर ब्रँड इन्स्पेक्टरचा, म्हणजे जनावराचा डाग नि मालकी तपासणाऱ्या सरकारी माणसाचा, कागद लागतो, तो मी नीट करून घेतला. करार मात्र दोन पानी, त्यात "रँचच्या कामाचं प्रशिक्षण" एवढाच शब्द. कोण बसणार, आठवड्यातून किती दिवस, घोडा दुसऱ्या कुणाला देणार का, एक अक्षर नाही. मी सही करून एप्रिलच्या मध्यात गुळ्याला सोडून आले.

दर पंधरवड्याला व्हिडिओ यायचा. भेटायला येते म्हटलं की उत्तर ठरलेलं : "आम्ही वरच्या कुरणात आहोत, तिथं गाडी येत नाही." सप्टेंबरच्या शेवटी "कालचाच" म्हणून एक व्हिडिओ आला. गुळ्या गाईंमागे छान चालत होता. मी तो तीनदा पाहिला, आणि मग नजर मागच्या झाडांवर गेली. कॉटनवुड हिरवेगार. आमच्या ओढ्याकाठचे कॉटनवुड तेव्हा पिवळेधमक झाले होते, आणि त्याचं रँच तर आमच्याहून कितीतरी उंचावर. तिथं पानं आधी पिवळी पडायला हवीत! माझ्या पोटात गोळाच आला.

दुसऱ्या दिवशी न कळवता ट्रेलर घेऊन गेले. गुळ्या कोठारामागच्या वाड्यात उभा होता. बरगड्या मोजता येत होत्या. हाक मारली तर कान हलवला, पण पुढं आला नाही. वर त्या माणसानं नाल, औषधं आणि जादा चाऱ्याचं १३८० डॉलरचं बिल हातात ठेवलं. पैसे दिल्याशिवाय घोडा नेऊ देणार नाही म्हणाला. शेरीफच्या कार्यालयात फोन केला, तर हा दिवाणी मामला म्हणाले. जनावर सांभाळणाऱ्याला थकबाकीपोटी ते अडवून ठेवायचा हक्क इथला कायदाच देतो, हे मला तेव्हा कळलं. उभ्या उभ्या पैसे भरले.

घरी घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अंगावरून हात फिरवून हेनेके पद्धतीनं गुण दिले. ही पद्धत १९८३ची आहे, १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ. गुळ्या गेला होता ६ वर, परत आला ३ वर. मग आमच्या नालबंदानं पाठीवरची गादी बाजूला केली. कण्याच्या दोन्ही अंगांना वीतभर लांब पट्टे, तिथले केस पांढरे झालेले. "हे बसायच्या खोगिराचं नाही," तो म्हणाला, "हे ओझ्याच्या खोगिराचं. ह्याच्यावर तंबू-सामान वाहिलंय." जखम भरल्यावर पांढरे केस यायला आठवडे लागतात, म्हणजे हे उन्हाळ्यातलंच.

आणि शिक्षण? मी दोर हातात घेऊन नुसता फिरवला, तर बिचारा शेपूट आवळून कुंपणाला जाऊन भिडला.

साताऱ्याला बाबांना फोटो पाठवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आगं, बैलाचा खांदा आला की असंच होतं. मालक बांधावर नसला की गडी जू बघत नाही."

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं : कोण बसणार, किती तास, आणि घोडा रँचबाहेर जाणार नाही हे लिहून घे. ठरलेल्या रकमेपलीकडचा खर्च आधी विचारल्याशिवाय करायचा नाही, हेही घाल. सोडताना चारी बाजूंनी आणि पाठीचे तारखेसह फोटो काढ. महिन्यातून एकदा न सांगता जा, आणि तिथं घोडीवर स्वतः बसून बघ. "आत्ता नको" असं दुसऱ्यांदा ऐकलंस, की त्याच दिवशी ट्रेलर जोड.

स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, इथं ७५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो. माझा करार वाचून वकिलानं नकारार्थी मान हलवली, तरी फोटो आणि दोघांचे लेखी जबाब जोडून मी दावा टाकलाय. गुळ्या आता ४ वर आलाय. गादी उचलली की पाठीची कातडी अजून थरथरते, म्हणून खोगीर अजून खुंटीवरच आहे.